भाऊजींचा मुंबईचा बेत

घराबाहेर पाऊल न टाकता माणसांना प्रवासाचा शीण आणणारा गृहस्थ साऱ्या मुलखात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, मुलुंडच्या एका शाळेत भूगोल शिकवत. त्या काळी मुलुंड म्हणजे मुंबई नव्हे. मागे डोंगर, पुढे मिठागरं, मधे झाडीतली बैठी घरं. आळीतलं कुणी फोर्टातल्या कचेरीत नोकरीला असलं, तर नाशिकला जातात म्हणावं तसं शेजारी म्हणत, ‘‘ते मुंबईला जातात.’’ मी गिरगावात राहत होतो. माझ्या खोलीपुढच्या ग्यालरीत उभं राहिलं की समुद्राचा वारा लागे. आमचं गाव कोरड्या माणदेशातलं, अक्का तिथंच वाढलेली. तिथं ओढ्याला पाणी आलं तर बघायला सगळं गाव लोटायचं. तिला जन्मात एकच हौस होती : शनिवारी दुपारी निघावं, चौपाटीवर जाऊन समुद्र बघावा, रात्री माझ्याकडे राहावं आणि रविवारी संध्याकाळी आपल्या घरी परत यावं. दीड दिवसाचं काम. त्यासाठी भाऊजींनी जेवढी तयारी केली, तेवढ्यात दुसरा माणूस काशीला जाऊन, मावंदं घालून, पुन्हा काशीला निघाला असता.

पहिली अडचण समुद्राचीच होती. तो भाऊजींच्या सोयीनं वागत नसे. समुद्र बघायचा तर भरतीही बघितली पाहिजे आणि ओहोटीही, नाहीतर अर्धाच बघितल्यासारखा होतो, असं त्यांचं मत होतं. शिवाय भरती संध्याकाळी हवी, कारण दुपारच्या उन्हात ती डोळ्यांना बाधते. आणि ओहोटी सकाळी हवी, पण फार सकाळी नको, कारण चहा व्हायचा असतो. शनिवारी शाळा अर्धा दिवस. मग पंचांग मांडीवर घेऊन तिथीवरून भरतीच्या वेळा काढायच्या. तिथी जुळली तर नेमकी नवमी निघे, आणि नवमीला प्रयाण करायचं नाही. नवमी टळली तर सहामाही परीक्षा. परीक्षा संपली तर अक्काची भिशी. मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘भाऊजी, समुद्र काय तुमच्या वर्गातला मुलगा आहे, वेळापत्रकाप्रमाणे यायला?’’ त्यावर चष्मा कपाळावर सरकवून ते शांतपणे म्हणाले, ‘‘वसंता, तू त्याच्या शेजारी राहतोस म्हणून तुला त्याची किंमत नाही.’’ असा संताप आला! पण अक्का चहा घेऊन आली आणि कौतुकानं म्हणाली, ‘‘बघितलंस? ह्यांना सगळं ठाऊक असतं.’’

हे अक्काचं पालुपद होतं. नवी नवरी होऊन ती मुलुंडला आली तेव्हा माहेरच्या आठवणीनं रडायची. भाऊजींना रडणं थांबवायचे दुसरे उपाय ठाऊक नसावेत, म्हणून ते तिला समुद्राच्या गोष्टी सांगायचे. लाट आधी कशी फुगते, मग कशी वाकते, फुटताना तिचा आवाज कसा होतो. अक्का ते सगळं शेजारणींना सांगायची, मला सांगायची, गावाला गेली की आईला सांगायची. मी समुद्रालगत राहणारा माणूस, पण समुद्राची माहिती मी मुलुंडहून आलेली ऐकत असे, आणि त्यातली बरीचशी माझ्या समुद्राशी जुळत नसे.

दुसरी अडचण पाण्याची. मुंबईचं पाणी आपल्याला सोसणार नाही, तेव्हा मुलुंडच्या विहिरीचं बरोबर न्यायचं. त्यासाठी एक भलामोठा फिरकीचा तांब्या आणला. तो गळतो की काय बघायला भाऊजींनी तो भरून, आडवा करून आपल्या उशाशी ठेवला, आणि गळतो हे सकाळी गादीनं सिद्ध केलं. तिसरी अडचण कुलपाची. पुढच्या दाराला कुलूप लावलं की भाऊजी ते ओढून बघत, मग अंगणापर्यंत जात, परत येऊन पुन्हा ओढून बघत, आणि तरी समाधान झालं नाही की त्याला दोन्ही हातांनी धरून चक्क लोंबकळत. आता सांगा, भूगोलाचा एक प्रतिष्ठित शिक्षक, धोतर, कोट आणि काळी टोपी घालून स्वतःच्या दाराला लोंबकळतोय, आणि माझी बहीण नवी साडी नेसून हातात वळकटी घेऊन अंगणात उभी आहे! मी असतो तर त्याच पावली एकटा निघून गेलो असतो.

पण सगळ्यात कळस केला तो तालमीनं. एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, की एवढा मोठा बेत तालमीशिवाय तडीला जायचा नाही. म्हणून घर बंद केलं, कुलपाला लोंबकळून झालं, वळकटी, तांब्या, छत्री आणि दशम्यांचा डबा घेऊन दोघं रस्त्यानं निघाली. आळीतल्या बायका दारात आल्या. ‘‘काय अक्का, निघालात का मुंबईला? चला, एकदाचं जमलं!’’ अक्कानं खाली मान घालून ‘‘हो’’ म्हटलं. स्टेशनावर जाऊन दोघं बाकावर बसली. गाडी आली. भाऊजींनी ती नीट निरखली, आपला डबा कुठं उभा राहतो ते बघितलं, गाडी जाऊ दिली, आणि म्हणाले, ‘‘छान. काही अडचण नाही. चल घरी.’’ परत येताना त्याच बायका त्याच दारांत. ‘‘अगंबाई, आलात सुद्धा?’’ अक्कानं घरी येऊन त्या दशम्या खाल्ल्या आणि रात्री ती जेवली नाही. हे मला तिनं नाही सांगितलं, शेजारणीनं सांगितलं. ऐकून माझ्या अंगाची आग झाली.

एकदा मात्र दोघं खरोखर गाडीत बसली. त्या दिवशी माझ्या बायकोनं वन्सं येणार म्हणून सकाळपासून पुरण घातलं होतं. शेजाऱ्यांकडून गाद्या मागून आणल्या होत्या. मी भायखळ्याला उतरवून घ्यायला गेलो. एक गाडी गेली, दुसरी गेली, फलाटावरचे हमालसुद्धा माझ्याकडे कीव येऊन बघू लागले. शेवटी घरी येऊन आम्ही दोघांनीच पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि रागानं खाल्लेली पुरणपोळी कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी तडक मुलुंड गाठलं. भाऊजी ओसरीवर फुलझाडांना पाणी घालत होते.

‘‘काय झालं काल?’’ मी ओरडलोच.

‘‘अरे, मागचं दार लावलं की नाही, अशी घाटकोपरला शंका आली. उतरलो, परत आलो. लावलेलं होतं.’’ आणि वर म्हणतात, ‘‘पण घाटकोपरपर्यंत प्रवास म्हणून उत्तम झाला हो.’’

मी अक्काला आत नेऊन म्हटलं, ‘‘तू चल माझ्याबरोबर. आत्ता. संध्याकाळी समुद्र दाखवतो, उद्या आणून सोडतो.’’ ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, ‘‘नको रे. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकला, तो तुझ्याबरोबर कसा बघू? त्यांना काय वाटेल?’’ त्यांना काय वाटेल! तिला काय वाटतं याचा विचार करायला त्या घरात कुणी होतं की नव्हतं?

आणि मग ते वर्ष आलं. मुलुंड मुंबईच्या हद्दीत गेलं. लोकांना त्याचा आनंद पाण्याच्या नळासाठी झाला, रस्त्यासाठी झाला. भाऊजींना तो वेगळ्याच कारणासाठी झाला. मी त्या रविवारी तिथंच होतो. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि अक्का ऐकेल अशा आवाजात म्हणाले, ‘‘घ्या. सुटला प्रश्न. आता आपणच मुंबईत. मुंबईहून मुंबईला कुणी सहलीला जातं का?’’

माझा पेढा हातातच राहिला. आता मी त्यांना काय काय बोलणार होतो हे इथं लिहिण्यासारखं नाही. पण मला बोलावंच लागलं नाही. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे तसेच. लग्न झाल्यापासून नवऱ्यापुढे चढ्या आवाजात न बोललेली बाई, पण त्या दिवशी म्हणाली, ‘‘बरं झालं. मग माझा समुद्र कुठल्या गल्लीत आहे तेवढं सांगा. पिशवी घेते, भाजी आणता आणता बघून येते.’’

भाऊजी गडबडले. इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘अगं, आहे ना. रुळांच्या पलीकडे खाडी आहे. खाडी म्हणजे समुद्रच. आत आलेला.’’

‘‘दाखवा,’’ अक्का म्हणाली.

आणि खरोखर तिला घेऊन ते निघाले. मीही मागोमाग गेलो, कारण हा माणूस कुठल्या थराला जातो ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. रूळ ओलांडले, मिठागरांच्या बांधांवरून चालत गेलो. पुढे चिखल, त्यात तिवरांची झुडपं, आणि पलीकडे मचूळ पाण्याचा एक पट्टा. दोन बगळे उभे होते, तेही कंटाळलेले दिसत होते. भाऊजींनी छत्रीनं दाखवलं, ‘‘हे बघ.’’ अक्कानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, ‘‘ह्याला लाट कुठून फुटते?’’ ती वळली आणि आमच्या दोघांच्या पुढे बांधावरून एकटी चालू लागली. पदर तोंडाशी धरला होता. तो वासानं धरला होता की कशानं, ते मी विचारलं नाही.

ती लांब गेल्यावर मी भाऊजींना गाठलं. ‘‘भाऊजी, तुम्ही माझ्या बहिणीला फसवलंत. न्यायचं नव्हतं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं. हे पंचांग, ही तालीम, हे पेढे, काय चालवलंय काय? बायको आहे ती, का वर्गातला नकाशा, भिंतीला टांगून ठेवायला?’’

ते बांधावरच उकिडवे बसले. टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना बोडकं प्रथमच पाहिलं; केस बरेच पांढरे झाले होते.

‘‘वसंता, तिला सांगू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘मी पाहिलेला नाही.’’

‘‘काय?’’

‘‘समुद्र. मी जळगावकडचा. ठाण्याला आलो, नोकरी लागली, इथंच राहिलो. पोरांना भरती-ओहोटी शिकवली ती पुस्तकातली. ही रडायची रे तेव्हा. हिला काहीतरी सांगायचं म्हणून सांगत गेलो. वाढवून सांगितलं. एकदा सांगितलं की समुद्राला रात्री झोप लागते तेव्हा तो घोरतो, तेही तिला खरं वाटलं. आता तिथं नेलं आणि तो तसा नसला तर? ती मला काही बोलायची नाही. पण तिला कळेल ना.’’

मी इतकी वर्षं साठवलेला राग घेऊन उभा होतो आणि तो ठेवायला जागा सापडेना. अशा वेळी माणसानं समजुतीनं बोलावं, पण मला आणखीच राग आला. ‘‘मग?’’ मी म्हटलं. ‘‘तुम्ही नाही पाहिलेला, तिनं नाही पाहिलेला. दोघांचा एकदमच बघून होईल. खर्चात काही फरक पडतो का?’’ ते उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि अक्काच्या मागे चालायला लागले.

पुढच्याच रविवारी, जेवणं आटोपून मी जरा पडलो होतो तेव्हा दारात अक्का आणि भाऊजी. पत्र नाही, निरोप नाही. वळकटी नाही, तांब्या नाही. घरात भाताचं शीत नव्हतं. माझी बायको मला आत नेऊन म्हणाली, ‘‘वर्षानुवर्षं तयारी केली तेव्हा आली नाहीत, आणि आज घरात दूधसुद्धा नाही तर आली!’’ तिचा संताप रास्त होता. मी म्हटलं, ‘‘आपण नंतर रागावू.’’

चौपाटीवर गेलो तेव्हा ओहोटी होती. भर उन्हाची वेळ, पाणी लांब गेलेलं, ओली वाळू डोळ्यांवर चमकत होती. भाऊजींनी जे जे टाळायचं म्हणून पंचांग झिजवलं ते सगळं एकत्र जमून आलेलं होतं. पण दोघं थबकली. अक्कानं नवऱ्याचा कोट कोपराशी धरला होता, रस्ता ओलांडताना धरतात तसा, आणि रस्ता मागे पडला तरी सोडला नव्हता.

मग ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही सांगितला होता त्यापेक्षा फारच मोठा आहे की.’’

‘‘हो ना,’’ भाऊजी म्हणाले. ते समोरच बघत होते. ‘‘मलासुद्धा एवढा असेल असं वाटलं नव्हतं.’’

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं. अक्कानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. ती काही तरी बोलेल, निदान रडेल, असं मला वाटलं. ती हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग तिला उभं राहवेना म्हणून वाळूतच बसली. ‘‘अगं बाई!’’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. भाऊजी तिच्याशेजारी कोट सावरून बसले आणि चष्मा पुसू लागले. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

मी त्यांना तिथं सोडून घरी आलो, दूध आणलं, बायकोच्या हाताखाली भाजी चिरली. दिवे लागायची वेळ झाली तरी दोघांचा पत्ता नाही. शेवटची सोयीची गाडी चुकणार हे उघड होतं, तेव्हा पुन्हा चिडत चिडत बोलवायला गेलो. पाणी आता बरंच वर आलं होतं. दोघं जरा मागे सरकून बसली होती, चपला बाजूला काढलेल्या, पाय वाळूत. भाऊजींच्या गुडघ्यावर टोपी होती आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून अक्कानं तिच्यावर हात ठेवला होता.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तसाच परत फिरलो आणि बायकोला म्हटलं, ‘‘भात जरा उशिरा टाक.’’ भाऊजींवर मी पुढेही पुष्कळ रागावलो, त्यांनी तशी सोय नेहमीच ठेवली. पण पूर्वीसारखा मनापासून राग मला त्यांचा पुन्हा कधी आला नाही, आणि आता ते नाहीत, तर त्याचीच चुटपुट लागून राहते.