मणकेमामा आणि दोन मिलिमीटर

आमच्या घरात "आई गं, कंबर!" म्हणायची सोय नाही. म्हटलं की आमचे हे विचारतात, "कितवा मणका?" इतर बायकांचे नवरे बाम चोळून देतात म्हणे. हे पाठीवरून बोट मोजत मोजत खाली आणतात, "तीन... चार... हां, हा बघ!" म्हणतात आणि समाधानाने पेपर वाचायला बसतात. दुखणं माझं माझ्याकडेच राहतं.

मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात हे शिपाई म्हणून लागले. हाडांच्या खोलीची किल्ली हातात आली, ती एकतीस वर्षं झाली तरी सुटलेली नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरं सगळे मणके एका टोपलीत कालवून ठेवतात. हे डोळे मिटून नुसते हाताने निवडतात, मी गप्पा मारता मारता शेंगा निवडते तसे. दोन्ही बाजूंना भोकं लागली की मानेचा, बरगडी टेकायची खळगी लागली की पाठीचा, यातलं काहीच न लागता नुसता जाडजूड लागला की कमरेचा. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच, खाली पाच जुळून एक झालेले आणि शेवटी शेपटीची आठवण म्हणून चार बारके. पोरं यांना मणकेमामा म्हणतात. मोठमोठे डॉक्टर झालेले गृहस्थ भर रस्त्यात गाडी थांबवून "काय मामा!" करतात तेव्हा माझी मान उगीच उंच होते, खोटं कशाला बोलू?

पण बाई, घरात हा माणूस सोसणं सोपं नाही. माझ्या जाऊबाईंना यांनी भर जेवणात सांगितलं, की मज्जारज्जू काही कण्याइतका लांब नसतो, त्याचा कारभार कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच आटोपतो, पुढे नुसता नसांचा झुपका, थेट घोड्याची शेपटी. जाऊबाईंनी ताट सरकवलं ते सरकवलंच. मला म्हणतात, "मानेच्या पहिल्या मणक्यावर डोकं 'हो' म्हणतं आणि दुसऱ्यावर 'नाही'. तुझा पहिला अगदी कोरा करकरीत असणार." मी मान हलवली. कोणत्या मणक्यावर, ते सांगायला नको.

आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच मंत्र: "कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका!" सिलिंडर आणून देणारासुद्धा आमच्या दारात बैठका काढल्यासारखा वाकतो.

आमची एकुलती एक लेक. लहानपणापासून तिच्या डोक्यात एकच खूळ, अग्निशमन दलात जायचं. धावण्यात पहिली, दोरावर माकड, लेखी परीक्षेत वरच्या पाचांत. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती आणि अडलं कुठे, तर उंचीत. अट एकशे सत्तावन्न सेंटिमीटरची. संध्याकाळी दाराच्या चौकटीशी उभं करून मी मोजली तर एकशे छप्पन्न आणि वर चार मिलिमीटर. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी यांच्यावर उखडले, "तुमच्याच घराण्याची देणगी! सगळे मेले बुटके!"

 दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी तिला अंथरुणातून उठल्या उठल्या चौकटीशी नेलं. एकशे सत्तावन्न आणि वर सहा!

"रात्रीत ओढलीत की काय तिला?" मी ओरडले.

"अगं, मणक्यांच्या मधे चकत्या असतात. दिवसभर भार पडतो, त्या पाणी सोडतात, चपटतात. रात्री आडवं पडलं की पुन्हा पाणी पितात आणि फुगतात. भांडी घासायच्या स्पंजासारखं. सकाळी सगळं जगच थोडं उंच असतं."

झालं! मोजणीचं पत्र आलं, सकाळी आठ वाजता, मैदानावर. यांनी ठरवलं, की पोरगी अंथरुणातून थेट मोजपट्टीखाली जाणार. मधे उभं राहायचं नाही, बसायचं नाही, वाकायचं तर नावच नाही. आदल्या दिवशी विभागातून परवानगी काढून चाकांची ट्रॉली घेऊन आले.

"अहो, यावर तुमच्याकडे कोण निजतं ते मला माहीत आहे!"

"फिनेलने तीनदा धुतली आहे," हे म्हणाले. लेक तर खुशाल चढून पडलीसुद्धा. बाप तशी लेक.

मैदान घरापासून पंधरा मिनिटांवर. सकाळी सातला हे पुढून ओढतायत, मी मागून ढकलतेय आणि मधे माझी तरणीताठी पोर गळ्यापर्यंत चादर घेऊन डोळे मिटून आडवी. लोक गप्प होऊन बाजूला सरायला लागले. चौकातल्या हवालदाराने दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि टोपी काढून छातीशी धरली. शेजारून जाताना लेकीने एक डोळा उघडून "थँक्यू काका" म्हटलं. त्याच्या हातातून टोपी पडली. मी लाजेने अर्धी झाले, आणि हसूही आवरेना.

मैदानावर मात्र मोजणीच्या साहेबांचा पत्ताच नाही. आठाचे नऊ झाले, नवाचे दहा. आमचा नंबर एकशे बारा. रांग पुढे सरकली की आम्ही ट्रॉली सरकवायची. बाकीच्या मुली आधी फिदीफिदी हसल्या. मग यांनी चकत्यांचं पुराण लावलं, तशा रांगेतल्या आठ-दहा ठेंगण्या मुली गुपचूप गवतावर आडव्या झाल्या.

अकराच्या सुमारास आमच्यापुढे चारच जणी उरल्या आणि ट्रॉलीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. हे वाकले. एकतीस वर्षं जगाला शिकवणारा हा माणूस घाईघाईत वाकला तो सरळ कमरेतून, आणि वर लेकीसकट ट्रॉली उचलायला गेला. कट्! असा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. हे तसेच राहिले, अर्धे मिटलेल्या चाकूसारखे, चेहरा पांढराफटक.

"चौथा-पाचवा," एवढंच म्हणाले आणि खाली कलंडले.

लेक ताडकन उठून बसली.

"उठू नकोस!" हे जमिनीवरून ओरडले. "चकत्या दबतील! पड, आडवी पड!"

मी हाका मारल्या, पण नंबर जवळ आलेला, रांग सोडून कोण येणार? माझ्याने तर यांचा पायही उचलवेना. लेकीने चादर फेकली, खाली उतरली, गुडघ्यातून वाकली आणि बापाला खांद्यावर घेऊन तडक प्रथमोपचाराच्या तंबूकडे निघाली. चांगली दोनशे पावलं. यांचं डोकं तिच्या पाठीमागे लोंबत होतं, तरी तोंड चालूच.

"अगं, माझे बासष्ट किलो! तुझ्या कमरेच्या पाच मणक्यांवर! गेली ना नोकरी! टाक मला खाली!"

"बाबा," ती धापा टाकत म्हणाली, "नोकरी हीच आहे. माणसं उचलायची."

 

तंबूतल्या नर्सबाईंनी लेकीलाच झापलं, "पाठ धरलेल्या माणसाला असं उचलतात का?" मग यांना पाट्यासारख्या कडक खाटेवर टाकलं. तेवढ्यात एकशे बाराचा पुकारा झाला. पोरगी पळत गेली आणि चालत आली. एकशे छप्पन्न, आठ. दोन मिलिमीटर कमी. अहो, माझं नख याहून जाड आहे! मला सगळ्यांचा राग आला, साहेबांचा, गटाराचा, यांच्या त्या मेल्या चकत्यांचा. रडू तर येतच होतं.

"पत्र काढ," हे पडल्या पडल्या म्हणाले. "शेवटची ओळ. हरकत असेल तर त्याच दिवशी एकदा फेरमोजणी. मी तांबड्या पेनाने रेघ मारून ठेवली आहे."

फेरमोजणी दोन वाजता. शेजारच्या रिकाम्या खाटेवर लेक आडवी झाली. अडीच तास बाप-लेक छताकडे बघत पडून होते आणि मी मधे स्टुलावर बसून दोघांच्या अंगावरच्या माश्या हाकत होते. हे चकार शब्द बोलले नाहीत. बोलल्याने तिच्या चकत्यांना त्रास होईल असं वाटलं असावं.

दोनला हे येणं शक्यच नव्हतं, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. साहेबांनी लाकडी पट्टी तिच्या डोक्यावर टेकवली. खाली वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एकशे सत्तावन्न. बरोब्बर." मग कागद बघून म्हणाले, "तीन तासांत वाढली ही?"

"आमच्याकडे मुली लवकर वाढतात," मी म्हटलं.

 साहेबांनी दूर तंबूकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

मी धावत येऊन यांना सांगितलं. यांनी विचारलं, "वर किती?"

"वर काही नाही. नेमकं."

 यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि आडवे असल्यामुळे दोन्हीकडून सरळ कानांत गेलं. मी पदराने यांचे कान पुसले. एवढ्या वर्षांत या माणसाची इतकी माया मला कधी आली नव्हती.

घरी न्यायला तीच ट्रॉली. आता हे आडवे, चादर गळ्यापर्यंत. एक चप्पल खाली पडली होती. लेक ती उचलायला गेली आणि सवयीने थबकली. दोन महिने घरात तिला पेनसुद्धा उचलू दिलं नव्हतं यांनी.

"बाबा," तिने विचारलं, "आता वाकू का?"

"वाक," हे म्हणाले. "पण गुडघ्यातून."