पाच अधिक तीन

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते, त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झालाय, असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे. पण त्या सोमवारी गणित शिक्षक संघटनेच्या चाळीस वर्षांच्या इतिहासाची प्रुफं माझ्या टेबलावर आली आणि तिसऱ्याच पानावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती काही स्वभावामुळे नव्हे. पानाचा मथळा होता 'संघटनेचे सात संस्थापक'. खाली सात पुरुषांची सात नावं, सात छायाचित्रं. माझ्या थोरल्या जाऊबाई कुठेच नव्हत्या.

म्हटलं, पुढे असतील. सगळी एकशे बारा पानं वाचून काढली. अगदी शेवटी, आभारांत, कागदाचे व्यापारी आणि सभेला खोली देणारी शाळा यांच्या मधोमध एक ओळ सापडली: 'कार्यालयीन मदतीबद्दल चिटणीसबाईंचे आभार.' चाळीस वर्षं राबलेल्या बाईच्या तोंडाला चार शब्दांत पानं पुसली होती.

जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांनी जन्मभर पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं, आता निवृत्त आहेत. आणि ही संघटना म्हणजे काय, तर ना इमारत, ना शिपाई, ना कुणाला पगार. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एका शाळेचा रिकामा वर्ग मिळतो, आणि तिथे पंचवीस-तीस शिक्षक मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसतात. शाळेतून किल्ली आणायची ताईंनी. फळा पुसायचा ताईंनी. सभासदांना पत्रं पाठवायची, कोण आजारी आहे त्याची चौकशी करायची, सभेत काय झालं ते इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं, सगळं ताईंनी. "हिचं लग्न माझ्याशी झालं, संसार मात्र संघटनेशी केला," असं भावोजी पाहुण्यांना सांगायचे, आणि पुढच्या शनिवारी स्वतःच खडूंचा डबा घेऊन ताईंच्या मागून निघायचे.

या सभेची एक रीत आहे. रिकाम्या हाताने यायचं नाही, आपल्या वर्गातली एक चूक घेऊन यायची. ती फळ्यावर लिहायची आणि ते मूल काय विचार करत होतं, हे बाकीच्यांनी ओळखायचं. 'मूल मठ्ठ आहे' असं म्हणायला सक्त मनाई. एकदा एका शिक्षकाने आणलेली चूक ताई अजून सांगतात. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं कुठलीही वस्तू मोजली की नेमकी एक सेंटीमीटर जास्त सांगायची. तासभर सगळ्यांनी डोकं खाजवलं. शेवटी ताईंनी विचारलं, "पट्ट्या कुठल्या आहेत?" पट्ट्या शाळेच्या होत्या, जुन्यापुराण्या, कडा झिजलेल्या. त्यांवर शून्य उरलंच नव्हतं, मग मुलं बिचारी एकपासून मोजत होती. ही रीत ताईंनी सुरू केली. इतिहासात लिहिलं होतं, 'संघटनेने हा अभिनव उपक्रम सुरू केला.' संघटनेने म्हणे! संघटनेला काय हात आहेत?

प्रुफं घेऊन मी संध्याकाळी ताईंकडे गेले. खिडकीशी बसून त्यांनी भिंगातून तिसरं पान वाचलं, मधली पानं चाळली, मग शेवटचं वाचलं.

"पान चौपन्नवर 'त्रिज्या' चुकलंय," त्या म्हणाल्या.

"ताई, तुमचं नाव नाहीये!"

"पाहिलं मी."

"मग?"

"मग काय? तू 'त्रिज्या' दुरुस्त कर."

त्यांचा आवाज शांत होता, पण प्रुफांची चळत त्यांनी टेबलावर तीनदा आपटून सरळ केली. ती आधीच सरळ होती.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी थेट अध्यक्षांच्या घरी गेले. हे कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना थोरले सर म्हणतात. सात संस्थापकांतले आता दोघेच हयात आहेत. दुसरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून इतिहास सरांनी एकट्याने लिहिला. मी कशासाठी आले ते ऐकून ते मुळीच गडबडले नाहीत. उठले आणि कपाटातून एका पानाची छायाप्रत काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या सभेचं इतिवृत्त, ताईंचं वळणदार अक्षर.

"वाचा. उपस्थित किती?"

"सात."

"हस्ताक्षर कुणाचं?"

"ताईंचं. पण त्या होत्या ना तिथे! नसत्या तर लिहिलं कुणी?"

"त्या लिहायला होत्या," सर म्हणाले. "हे बघा बाई, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण इतिहास भावनेवर लिहीत नाहीत, कागदावर लिहितात. त्यांनी स्वतःच सात लिहिलंय, तर मी आठ कसं लिहू?"

मी पान हातातून सोडलं नाही. धंद्याची खोड, समोर मजकूर आला की डोळे शेवटपर्यंत जातातच. खाली ठराव होता. प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनाही सभासद करून घ्यावं की नाही, यावर मतदान. ठरावाच्या बाजूने पाच. विरोधात तीन. मी पुन्हा वाचलं.

"सर, सात माणसांनी आठ मतं कशी दिली?"

त्यांनी चष्मा लावला, पान जवळ घेतलं, लांब धरलं. "नजरचूक असेल लिहिणाऱ्याची."

"विरोधातल्या तिघांत तुम्ही होतात का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"म्हणजे ताईंचं मत मोजलंत आणि माणूस सोडून दिलात!"

"तुम्ही छपाईचं बघा," असं म्हणून सरांनी मला दार दाखवलं. मी ताडताड जिना उतरले. अहो, गणिताच्या शिक्षकांची संघटना ही! ते पान किती जणांच्या डोळ्यांखालून गेलं असेल, आणि एकालाही पाच अधिक तीन करता येऊ नये? पहिलीतल्या पोराने बोटांवर करून दाखवली असती ती बेरीज.

तशीच ताईंकडे गेले आणि घडलं ते सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"बेरीज तू केलीस?"

"त्यात काय करायचंय? पाच आणि तीन."

"हो," ताई म्हणाल्या. "त्यात काय करायचंय." मग म्हणाल्या, "शनिवारी माझ्याबरोबर चल."

शनिवारी वर्ग भरलेला होता. थोरले सर पुढच्या खुर्चीत. एकेकाने आपापल्या चुका मांडल्या. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी इतिवृत्ताची जुनी वही टेबलावर ठेवली आणि फळ्यावर लिहिलं: 'उपस्थित सात. बाजूने पाच. विरोधात तीन.'

"ही एका मुलीची चूक," त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या. "मुलीचं वय तेवीस. काय विचार करत होती, सांगा."

हशा पिकला. सर हसले नाहीत. मागच्या बाकावरची एक तरुण शिक्षिका उभी राहिली. "मोजणारीने स्वतःला मोजलं नसेल. माझ्या वर्गात होतं असं. रांगेतली मुलं मोजायला सांगितली की मोजणारा स्वतःला विसरतो."

"छान विचार केलास," ताई म्हणाल्या. "पण ती विसरली नव्हती."

त्यांनी वही उघडली आणि ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. सात या आकड्याखाली कागद खरवडून पातळ झाला होता, आणि आधीच्या आकड्याची शेपटी तिथे स्पष्ट दिसत होती.

"मी आठच लिहिलं होतं. सभा संपल्यावर मला सांगण्यात आलं, की प्राथमिकच्या बाईंना धरू नका, बरं दिसत नाही. मी ब्लेडने आठ खरवडला आणि सात केला."

"मग मतं का नाही बदललीत?" त्या तरुण शिक्षिकेने विचारलं.

"ती मुद्दाम ठेवली. म्हटलं, ही सगळी गणिताची माणसं. आज ना उद्या कुणीतरी बेरीज करेल."

तेवढ्यात थोरले सर खाकरले. "इतक्या वर्षांपूर्वी कोण काय बोललं, ते आता मला आठवत नाही."

"मी तुमचं नाव घेतलं नाही, सर," ताई म्हणाल्या.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. तिसरं पान बदलायचं, संस्थापक आठ लिहायचे, असा ठराव त्या तरुण शिक्षिकेने मांडला आणि वर्गातले हात भराभर वर गेले. सरांनी हात वर केला नाही. विरोधालाही केला नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

परतताना मी ताईंवरच उखडले. "चाळीस वर्षं! तोंड नव्हतं तुम्हाला? एकदा ओरडून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"मी सांगितलं असतं तर ती माझी तक्रार झाली असती. मग लोक म्हणाले असते, बाईला मान हवाय. मला कुणीतरी स्वतःहून बघायला हवं होतं." चालता चालता त्या थांबल्या, दम घेतला. "दर वर्षी नवा अध्यक्ष ती वही चाळायचा. मी समोर बसून बघायचे, बोट कुठल्या ओळीवर थांबतं ते."

मला रडू फुटलं, रागाने. एकेका अध्यक्षाला गाठून त्याच्या हातात पाटी-पेन्सिल द्यावी, असं वाटलं.

सोमवारी पान दुरुस्त करायला बसले. ताईंचं तरुणपणीचं छायाचित्र हवं होतं. छापखान्याच्या माळ्यावर संघटनेच्या रौप्यमहोत्सवाची पुस्तिका सापडली, पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच छापलेली. छायाचित्र त्यात होतं. त्याच्याच समोरच्या पानावर पहिल्या सभेचं इतिवृत्त छापलेलं होतं, जसंच्या तसं. उपस्थित सात. बाजूने पाच. विरोधात तीन. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रितशोधकाचं नाव होतं, माझं.

तेव्हा पहिली प्रत मीच ताईंच्या हातात दिली होती. त्यांनी नेमकं ते पान उघडून माझ्यापुढे धरलं होतं आणि विचारलं होतं, "नीट वाचलंस ना गं?"

"अक्षर न् अक्षर," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

त्या आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. मग त्यांनी पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली होती.