गोल दशमी

नवीन वस्तू दिसली की काकू आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या, मग वाकून ती न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "बघितल्यानं काही विटाळ होत नाही." कल्याणात आमच्या शेजारी त्या राहत. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. विलायती दिवा, फिरंग्याची छत्री, कसलीशी लोखंडी खुर्ची, स्टेशनाच्या बाजूने जे जे गावात येई ते काकूंनी असंच, हात मागे बांधून पाहिलेलं असे. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. पण बघून झाल्यावर काकू पुढे काय करतील याचा नेम नसे.

मी तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होते. पहिलं पोटातच गेलेलं. या खेपेला डोहाळे इतके कडक की पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. वैद्यांची चाटणं झाली, लिंबू झालं, आवळकाठी झाली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा सासूबाईही माझ्याकडे बघायचं टाळू लागल्या.

हे शाळेत मास्तर. यांनी कुणाला न सांगता रेल्वेच्या गोवेकर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सकाळी उठायच्या आधी कोरडं, साधं, किंचित गोड असं काहीतरी द्या. मारी नावाचं बिस्कीट हल्ली विलायतेहून येतं, ते उत्तम. आणि यांनी साहेबलोकांच्या उपाहारगृहातून पत्र्याचा एक डबा आणला.

सासूबाईंनी डबा ओटीवरच अडवला.

"कुणाच्या हातचं, कुठल्या भट्टीतलं, अंडं आहे की आणखी काय! धाकट्याची मुंज तोंडावर आली आहे. उद्या घरात भट येणार नाहीत, विहिरीवर कुणी उभं करणार नाही. डबा आत्ताच्या आत्ता खाडीत टाकून ये."

मी आत पडून ऐकत होते. चूक त्यांचीही नव्हती. बिस्किटापायी वाळीत पडलेलं एक घर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.

तेवढ्यात काकू आल्या. हात पाठीमागे. सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, टाकायचंच आहे ना? मग एकदा बघू दे."

त्यांनी चिमट्याने एक बिस्कीट उचलून फरशीवर ठेवलं, कोळशाने त्याच्याभोवती वर्तुळ काढलं, भोकं मोजली, खाली बसून वासही घेतला. मधोमध इंग्रजी अक्षरं होती.

"हे काय लिहिलंय, विचारा हो मुलाला."

काकू यांच्याशी थेट बोलत नसत. हेही आईकडे बघूनच म्हणाले, "विलायतेला सून म्हणून गेलेल्या कुणा राजकन्येचं नाव आहे."

"अगं बाई! नाव लिहायचं आणि तिलाच चावायचं?" काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आता हेही विचारा, दाताखाली कसं लागतं? कडक, की खुसखुशीत?"

"आधी कट्‌कन तुटतं, मग विरघळतं," हे चटकन बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे, डॉक्टर सांगत होते."

यांचे कान लाल झाले. सासूबाई तुळशीकडे बघत राहिल्या. डबा घेऊन हे खाडीवर गेले ते बऱ्याच उशिराने परतले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आमच्याच मागच्या पडवीत शेगडी मांडली. कणीक मलमलीतून चाळली, खडीसाखर कुटली, तूप घातलं, चिमूटभर पापडखार घातला आणि सगळं दुधात भिजवलं. पितळी ताटलीवर झाकण ठेवून खाली निखारे, वर निखारे. पहिला घाणा गाईला घातला, तिनेही हुंगून मान फिरवली. दुसऱ्यात तूप इतकं झालं की ताटलीभर पसरून एकच मोठा डाग तयार झाला. तिसरा काकूंच्या यजमानांनी खाल्ला आणि दोन दिवस ते उजव्याच दाढेने चावत होते.

"काकू, पुरे हो," मी म्हटलं.

त्या दाभणाने भोकं पाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या वेळी दोनदा असंच झालं गं. तेव्हा सगळे म्हणाले, सोसायचं असतं. मी सोसलं. घरात पाळणा काही हलला नाही. तू गप्प पडून राहा."

मग भोकं पाडून झाल्यावर, "मधे काय लिहू? रामाचं नाव लिहिलं तर चावणार कसं? तुझं लिहिलं तर वहिनी मला चावतील." शेवटी मधे काहीच लिहिलं नाही.

चौथा घाणा कट्‌कन तुटला. पहाटे अंथरुणातच मी एक खाल्लं. काकू उशाशी बसून माझ्या घशाकडे बघत होत्या. ते पोटात राहिलं. मग दुसरं. मी रडायला लागले तशा त्या म्हणाल्या, "रडू नकोस, उमाळ्याने वर येईल."

वास मात्र आळीभर गेला होता. चार दिवसांत समोरचे शास्त्रीबुवा ओटीवर येऊन उभे. "घरात बिस्किटं भाजतात असं ऐकतो."

सासूबाईंचा चेहरा उतरला. काकू आतून ताटली घेऊन आल्या आणि दाराआडून, पण खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दशमी आहे, बुवा. दुधात भिजवलेली, सोवळ्यात केलेली. गोल कापली आणि भोकं पाडली म्हणून जात बदलते का तिची?"

बुवांनी एक उचलून उलटीसुलटी करून पाहिली. "दशमीला आक्षेप असण्याचं कारण नाही," असं म्हणून ती उपरण्यात बांधली आणि गेले. संध्याकाळी त्यांच्या घरून रिकामी वाटी आली, सुनेला दशमी हवी आहे म्हणून.

मुंज पार पडली. भट आले, जेवले. मला मुलगी झाली. बारशाला पहिलं नाव काकूंनी कानात सांगावं असं सासूबाईच म्हणाल्या. काकूंनी आधी हात पाठीमागे बांधले, वाकून तिला न्याहाळलं आणि मगच नाव सांगितलं.

मुलगी रांगायला लागली तेव्हा काकूंच्या यजमानांची इगतपुरीला बदली झाली. मी तिला कडेवर घेऊन स्टेशनावर गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. पण डब्यात काकूंच्या शेजारी एक बोहरीण बसली होती आणि तिच्या मांडीवर कसलंसं नक्षीचं, झाकणाचं भांडं होतं. काकू त्यावर वाकून तिला काही विचारत होत्या, ती झाकण उघडून दाखवत होती, दोघी हसत होत्या. शिट्टी झाली, गाडी हलली. मी मुलीचा हात धरून हलवत राहिले. काकूंनी काही वर पाहिलं नाही.