दुसऱ्या ब्रेकपाशी बसलेली मुलगी

मास्तरांच्या मुलीला सगळी गल्ली चौकशीबाई म्हणायची, आणि ते नाव तिने मेहनतीने कमावलं होतं. दूध नेमकं कोणत्या क्षणी उतू जातं हे बघायला तिने लहानपणी लागोपाठ तीन दिवस दूध उतू जाऊ दिलं. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला तर इतके प्रश्न विचारले की पुढच्या महिन्यापासून तो आकडा दारातूनच, अंदाजाने लिहून पळायला लागला. अशी ही मुलगी इंग्रजी घेऊन पदवीधर झाली, पहिल्या वर्गात झाली, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तिने घरात जाहीर केलं की आपण परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणार.

का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार. जिथे आपली भाषा कुणाला येत नाही आणि त्यांची आपल्याला येत नाही, अशा वर्गात उभं राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, ते तिला बघायचं होतं. कुठल्याच पुस्तकात ते सापडलं नव्हतं.

तिचे वडील मास्तर खरे, पण शाळेतले नव्हेत. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक गाडी, तिच्या टपावर पिवळी पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. कुणाची वेळ कधी, कुणाची परीक्षा कधी, हे रजिस्टर आई सांभाळायची. घरात विरोध असा कुणाचा नव्हता, पण मामा व्यवहारी माणूस. त्यांनी आपल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात भाचीसाठी एक टेबल धरून ठेवलं होतं. त्यांनी सांगून टाकलं, की तीस तारखेपर्यंत परदेशातून होकार आला तर आनंद आहे. नाही आला तर एक तारखेला सकाळी दहा वाजता पावत्या फाडायला ये. मामांचं टेबल म्हणजे एकदा बसलं की उठायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने मान हलवली. हातात सात आठवडे होते.

मग सुरू झाले अर्ज. दाखल्यांच्या प्रती, पांढऱ्या भिंतीसमोरचा फोटो, स्वतःची ओळख करून देणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ. तेवीस शाळांना अर्ज गेले. त्यातल्या चौदा शाळांना ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशीच माणसं हवी होती. आईने हे ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"ज्याला ती भाषा आईच्या मांडीवरच आली, त्याला ती शिकावी कशी लागते ते काय कळणार?" ती म्हणाली. मुलीने हे वाक्य जसंच्या तसं उरलेल्या नऊ शाळांना लिहून कळवलं. तीन शाळांनी बोलावलं.

बोलावणं म्हणजे कॉम्प्युटरवरची मुलाखत. पलीकडची माणसं इंग्रजीचं अक्षर न येणारे विद्यार्थी असल्याचं सोंग घेणार आणि उमेदवाराने त्यांना दहा मिनिटं शिकवून दाखवायचं.

पहिल्या शाळेच्या वेळी पोरीच्या अंगात वारं संचारलं होतं. हवामान हा विषय घेतला आणि ऊन, वारा, पाऊस, धुकं, गारा, एकही प्रकार सोडला नाही. दहा मिनिटं तोंडाचा पट्टा सुरू. आपणच खूश. दोन दिवसांनी तिथल्या बाईंचं पत्र आलं. बाईंनी मोठ्या सभ्यपणे लिहिलं होतं, की तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पण दहा मिनिटांत विद्यार्थी म्हणून मला चार शब्द बोलायला मिळाले आणि ते चारही आभाराचे होते.

दुसरी कुणी रडली असती. हिने नकाराचं पत्र तीनदा वाचलं आणि हिला प्रश्न पडला, की न बोलता शिकवतात तरी कसं? घरात दुसऱ्याला शिकवून पोट भरणारा माणूस एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती वही घेऊन शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

त्या वेळेला यायचे शिंपीकाका. वय अठ्ठावन्न, हात मशीनवर लोण्यासारखा, पण स्टिअरिंग धरलं की खांदे कानाला टेकायचे. ती मागे बसून बाबांचे शब्द मोजू लागली. अर्ध्या तासात एकेचाळीस झाले. त्यातले सहा चहावाल्याला उद्देशून होते.

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे टेम्पो, त्याच्या मागे बस, सगळ्यांनी हॉर्नवर हात ठेवलेला. शिंपीकाकांनी केविलवाण्या चेहऱ्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आरशात पाहत स्वस्थ बसले. पाय तेवढा ब्रेकवर अलगद ठेवलेला. काकांनी आधी गिअर काढला, मग चुकीचा टाकला, पुन्हा काढला, आणि गाडी कण्हत कण्हत चढ चढून गेली. वर पोचल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. मागच्या सीटवर मुलीचाही पडला.

घरी येताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांना सांगत का नव्हता?"

"मी सांगितलं असतं तर गाडी मी चढवली असती. उद्या चढावर त्यांना पुन्हा मीच लागलो असतो."

मग त्यांनी आपली रीत सांगितली. माणूस चुकला की मनात सात आकडे मोजायचे. समोर धोका असेल तर मोजणं नाही, सरळ ब्रेक. नसेल तर सातापर्यंत शंभरातली ऐंशी माणसं स्वतःच वळणावर येतात. घाई होते ती शिकवणाऱ्यालाच.

हे ऐकून तिला गुप्तधन सापडल्यासारखं झालं. आठवडाभर ती घरात सगळ्यांवर सात आकडे मोजत सुटली. आईने मीठ कुठे ठेवलंय म्हणून विचारलं तरी ही गप्प. सहाव्या दिवशी आईने तिला सांगितलं की आठवा आकडा मी मोजेन आणि तो पाठीत असेल.

दुसरी मुलाखत आली. पोरगी हाताची घडी घालून बसली, हसून पाहिलं, आणि विद्यार्थी बोलण्याची वाट बघू लागली. सात मोजले. पुन्हा सात मोजले. पलीकडचे गृहस्थ आधी पडद्याजवळ आले, मग त्यांनी कॉम्प्युटरच्या कडेला टिचकी मारली, मग लाईन गेली असं कुणाला तरी ओरडून सांगितलं आणि बंद करून निघून गेले. नंतर लावून पाहिलं तर मुलाखतीची वेळ संपली होती.

यावेळी मात्र तिचे डोळे भरून आले. तारीख होती तेवीस. मास्तर शेजारी येऊन बसले. ते काही लगेच बोलणारे नव्हेत, आणि ते मनात आकडे मोजतायत याची तिला खात्री होती, म्हणून तीच चिडून म्हणाली, "तुमच्यासारखीच गप्प बसले होते की मी."

"अगं, गाडीत मी गप्प असतो, पण काचेसमोर रस्ता असतो ना," मास्तर म्हणाले. "चढ येतो, वळण येतं, म्हैस आडवी येते. माणसाला काहीतरी करावंच लागतं. तू त्या बिचाऱ्यासमोर काय ठेवलं होतंस?"

काहीच नाही. मागची पांढरी भिंत तेवढी होती.

तिसरी शाळा शेवटची. सव्वीस तारखेला सकाळी साडेनऊची वेळ. आणि नेमकं त्याच सकाळी शेजारच्यांकडे फरशी कापायचं मशीन सुरू झालं. घरात स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येईना. मास्तरांनी लॅपटॉप उचलला, थेट शिकाऊ गाडीत नेऊन डॅशबोर्डवर ठेवला, तिला आपल्या जागेवर बसवलं, तिच्या बाजूला दोन बोटं फट ठेवून चारही काचा बंद केल्या आणि स्वतः कोपऱ्यावर जाऊन येणाजाणाऱ्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून हातवारे करत उभे राहिले.

पडद्यावर एक मुख्याध्यापक आणि त्यांच्या सहाय्यक बाई. दोघंही अक्षरशून्य विद्यार्थी झाले. तिने ठरवून आणलेला धडा होता भाज्यांचा. पण बंद गाडीत दोन मिनिटांत घामाच्या धारा लागल्या, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रस्ता तर इथेच आहे.

तिने कपाळ पुसलं. काचेकडे बोट दाखवलं, तिचं इंग्रजी नाव एकदा सांगितलं. उघडण्याचा शब्द हाताने दार उघडून एकदा, मिटण्याचा शब्द मिटून एकदा. मग ती विद्यार्थ्यांकडे तोंड करून घाम गाळत बसली. मुख्याध्यापकांनी सोंग छान वठवलं होतं. ते मख्ख. पाच. सहा. सात. बाईंना राहवलं नाही, त्या इंग्रजीत काच एवढंच म्हणाल्या. मुलीने काचेला थोपटलं, आणि पुढे काय, असा चेहरा केला. मुख्याध्यापक मुद्दाम उलटा शब्द बोलले, काच मिटा. तिने चूक दाखवली नाही. दोन बोटं उरलेली फटही हँडल फिरवून गच्च बंद केली आणि रुमालाने वारा घेऊ लागली.

आता त्या बाई खरोखर अस्वस्थ झाल्या. "ओपन," त्या म्हणाल्या, आणि मग दोघंही एकदम पूर्ण वाक्य बोलले, प्लीज लावून. काच उघडली. तिघंही हसले, आणि बाहेरून फरशीच्या मशीनचा करवती आवाज आत घुसल्यावर तिने न सुचवता दोघांनी तिला काच पुन्हा मिटवायला सांगितली.

सोंग उतरल्यावर मुख्याध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, तुम्ही मधूनमधून खाली पायाशी काय बघत होतात? अर्धा वेळ ती बाबांच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून होती. मग तिने बाबांचं सगळं सांगितलं, चढ, शिंपीकाका, सात आकडे. वेळेपेक्षा पंधरा मिनिटं जास्त झाली. होकार नाही, नकार नाही, कळवतो म्हणाले.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. मामांचा फोन येऊन गेला की टेबलाला नवीन ड्रॉवर बसवलाय. तीस तारखेला दुपारी पत्र आलं. पूर्ण वर्षाची नोकरी नव्हती. सर्वांत लहान वर्ग, फक्त एक सत्र, जमलं तर पुढचं बघू. खाली विचारलं होतं की तुमचे काही प्रश्न असल्यास लिहा.

असल्यास काय. चौकशीबाईने सतरा प्रश्न लिहिले आणि आईने कान धरल्यावर त्यातला एकच पाठवला, की वर्गात मुलं किती आणि ती सुरुवातीला कितपत बोलतात. तासाभरात उत्तर आलं. मुलं सव्वीस. सकाळपासून सगळी एकाच वेळी बोलतात, आपापल्या भाषेत, आणि आजवर कुठल्याही शिक्षकाला त्यांना थांबवणं जमलेलं नाही.

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वडिलांकडे पाहिलं. मास्तरांनी बराच वेळ विचार केला. सात कधीच उलटून गेले होते.

"सव्वीस जण एकदम स्टिअरिंगवर," ते म्हणाले. "हे मला नाही येत बुवा. तू जा, आणि कसं करतात ते मला कळव."

तिने होकार पाठवला आणि मग मामांना फोन लावला.