शिशाच्या पत्र्यावरची फिर्याद

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये मराठी मंडळाच्या होळीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पुरणपोळ्या प्रभाताई देशिंगकरांच्याच. त्यांचं पितळी पुरणयंत्र आईकडचं. लग्नानंतर इकडे येताना साड्यांत गुंडाळून आणलेलं. त्यांचे यजमान डॉक्टर देशिंगकर वारले, तरी पोळ्या चुकल्या नाहीत. २०१७च्या होळीला प्रभाताईंनी मंडळाच्या हॉलच्याच किचनमध्ये पुरण वाटलं. घरी येऊन पाहतात तर यंत्र नाही.

शेवटचं ते अवंतिकाच्या हातात होतं. अवंतिका साताऱ्याहून आलेली कॉलेजची मुलगी, प्रभाताईंच्या बेसमेंटमध्ये राहणारी. भाडं कमी, त्याबदल्यात ती दारातला बर्फ फावड्याने काढायची, ग्रोसरी आणायची आणि संध्याकाळी वर येऊन जेवायची. एकटीने जेवायची सवय कधीच न झालेल्या प्रभाताईंना समोरच्या त्या ताटाचा फार आधार होता. यंत्र धुऊन खोक्यात घातलं, खोकं गाडीत ठेवलं, असं अवंतिकाने सांगितलं. खोकं गाडीत होतं. त्यात झारा होता, पातेली होती, लाटणी होती.

अवंतिका कॉलेजला गेली, की प्रभाताई कपड्यांचा ड्रायर लावायच्या निमित्ताने खाली जायला लागल्या. एकदा पलंगाखाली वाकून पाहिलं, एकदा कपाट उघडलं. त्यांची जुनी मैत्रीण विजयालक्ष्मी, स्वतः डॉक्टर, फोनवर म्हणाली, की ही मुलं एकमेकांच्या वस्तू घेऊन फिरतात, कुठली वस्तू कुठल्या घरात जाते काही कळत नाही. पुढच्या भेटीत प्रभाताई विजयालक्ष्मीच्या नव्या किचनमधल्या बंद कपाटांकडेही जरा जास्तच वेळ पाहत बसल्या.

लायब्ररीतल्या लेखनाच्या वर्गाला त्या नेमाने जायच्या. एप्रिलमध्ये वर्ग घेणाऱ्या मॉरीनने जुन्या रोमन काळातल्या शिशाच्या पत्र्यांचे फोटो दाखवले. चोरी झाली, की लोक पत्र्यावर देवीकडे फिर्याद कोरत आणि गुंडाळी करून तिच्या झऱ्यात टाकत. चोर ठाऊक नसला, तर जोड्या लावत: पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र. म्हणजे कुणीच सुटत नाही. तुमच्या समाजातलं असं एखादं गाऱ्हाणं लिहून आणा, असं मॉरीनने सांगितलं.

प्रभाताईंनी ते एका बैठकीत लिहिलं. ‘माझं पुरणयंत्र जिने नेलं, ती डॉक्टरीणबाई असो वा विद्यार्थिनी, मोटारवाली असो वा बसवाली, वरच्या मजल्यावरची असो वा खालच्या, तिची डाळ शिजू नये, तिची पोळी तव्यावर फुटावी.’ वर्गात इंग्रजीतून वाचल्यावर टाळ्या पडल्या. मराठीतलं मंडळाच्या ईमेलमधून घरोघर गेलं.

विजयालक्ष्मीचा फोन आला. “मी डॉक्टरीणबाईंत, की मोटारवालीत? एकदाच सांग बाई, दोन्हीकडून शाप नको.” ती हसली, पण रविवारी चहाला आली नाही. सगळ्यांना धरलं म्हणजे कुणा एकीवर बोट ठेवलं नाही, अशी प्रभाताईंची समजूत होती. वरच्या मजल्यावरची तर त्या स्वतःच होत्या. पण प्रत्येक वाचणारीने फक्त आपल्याला लागू पडणारा शब्द उचलला.

अवंतिका त्या संध्याकाळी वर आली, जेवली, ताट घासून ठेवलं. मग म्हणाली, “काकू, खालच्या मजल्यावर मी एकटीच राहते.”

“अगं, ती त्या लोकांची लिहायची पद्धत.”

“आणि पलंगाखाली बघायची? माझ्या चपला मी कशाही टाकते. परत येते तेव्हा जोडीने लावलेल्या असतात.”

प्रभाताई ओटा पुसत राहिल्या.

“विचारा ना मला. एकदा तोंडाने विचारा.”

विचारता आलं असतं. पण ती नाही म्हणाली आणि आपल्याला ते पटलं नाही, तर रोज समोरासमोर बसून घास कसा गिळायचा? त्या म्हणाल्या, “दही उरलंय, घेतेस का?”

अवंतिकाने दुसऱ्याच दिवशी जागा बघायला सुरुवात केली. बंदरापलीकडच्या डार्टमथला मैत्रिणींच्या अपार्टमेंटमध्ये एक कोपरा मिळाला. निघायच्या सकाळी प्रभाताईंनी, राहिलीस तरी चालेल, असं दोनदा पुटपुटून पाहिलं. तिने उत्तर न देता दोन्ही बॅगा दारात आणून ठेवल्या आणि पहिलीची चेन उघडली.

“बघून घ्या काकू. नंतर मनात राहायला नको.”

नको गं, असं म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण नजर आधीच आत गेली होती. स्वेटर, पुस्तकं, आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. अवंतिकाने टॉवेल सोडला. आत तिचा छोटा कुकर होता.

दुसरी बॅग तिने न सांगताच उघडली. प्रभाताई चष्मा सारखा करून पुढे वाकल्या.