लीलाताईंच्या मंडळात सापडलेली मी

लीलाताईंचा एकच किस्सा सांगून थांबता येत नाही. पहिला सांगून होईपर्यंत त्यांनी दुसरा घडवलेला असतो, आणि तो निस्तरायला मी असते! नारायण पेठेतल्या आमच्या छोट्याशा कला मंडळाच्या त्या सर्वेसर्वा. वय एक्क्याऐंशी. मी सेक्रेटरी. म्हणजे हमाल.

*

बालनाट्यासाठी टेबल हवं होतं. ताईंनी परस्पर टेम्पो पाठवून आमचं डायनिंग टेबल उचललं. प्रयोग वाढत गेले. आम्ही तीन आठवडे जमिनीवर जेवलो.

शेवटी आमच्या ह्यांनी फोन केला, "ताई, टेबल आमचं आहे हो!"

"तुमचंच आहे. पण त्याची भूमिका मध्यवर्ती आहे!"

*

एकदा गाणं ऐन रंगात आलं आणि पाचव्या रांगेत मोबाइल वाजला. गृहस्थ तोंडावर हात धरून चक्क बोलायला लागले. ताईंनी गायिकेला हात जोडून थांबवलं आणि माइक घेतला.

"बोला, सावकाश बोला. आम्ही थांबतो."

गृहस्थ घामाघूम. "नंतर... नंतर करतो."

"नंतर कशाला? कोथिंबीर आणायची इथपर्यंत आम्हाला कळलंय. एक जुडी की दोन?"

ते पुन्हा कधी फिरकले नाहीत. आजीव सभासद होते हो!

*

उद्घाटनाला एक पुढारी सव्वा तास उशिरा उगवले. ताईंनी कार्यक्रम कधीच सुरू केला होता. मी दारात हार घेऊन उभी.

"दीपप्रज्वलन कुठे करायचं?" त्यांनी विचारलं.

मागून ताई म्हणाल्या, "दिवा वेळेवर लागलाय. आपण फक्त फुंकर मारू नका!"

आणि पुढच्या वर्षीच्या हॉलच्या परवानगीसाठी त्यांच्याच ऑफिसात कोण जाणार होतं? मी!

*

दर रविवारी ताई धायरीच्या एका वृद्धाश्रमात गाणी म्हणायला जातात. एकदा त्यांचा घसा बसला, म्हणून मला उभं केलं. मी आणि गाणं! पहिलं कडवं संपायच्या आत समोरच्या आजोबांनी शांतपणे कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.

रिक्षात ताई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. बॅटरी जपावी लागते त्यांना."

*

मंडळाने ताईंचा सत्कार ठरवला. सहा महिने मागे लागून मी त्यांच्याकडून 'हो' म्हणवून घेतलं. हॉल गच्च भरला. पाहुणे बाहेरगावचे, त्यांनी ताईंना कधी पाहिलेलं नव्हतं.

ऐनवेळी, पाहुणे स्टेजवर यायच्या आत, ताई स्टेजवरून उतरून माझ्याकडे आल्या. दाराशी खडकीच्या शकीलाबी उभ्या होत्या. आमच्या नाटकांचे कपडे चाळीस वर्षं त्यांनीच शिवले. पण पडद्यापुढे कधी आल्या नव्हत्या.

"वर्षा, त्यांचे गुडघे दुखतायत. माझ्या खुर्चीवर नेऊन बसव."

"अहो ताई, ती सत्कारमूर्तीची खुर्ची आहे!"

"रिकामी आहे ना?"

वाद घालायला वेळ नव्हता. नको नको म्हणणाऱ्या शकीलाबींना मी नेऊन बसवलं आणि विंगेत आले, तोवर पाहुणे येऊन बसले होते आणि निवेदकाने मानपत्र वाचायला घेतलं होतं. मान खाली, नजर कागदात, ताईंचं नाव शेवटच्या ओळीत. "ज्यांच्यावाचून आमचं एकही नाटक उभं राहिलं नसतं..."

पाहुणे उठले आणि त्यांनी शाल शकीलाबींच्या खांद्यावर घातली!

मी धावणार, तोच विंगेत मागे येऊन उभ्या राहिलेल्या ताईंनी माझे दोन्ही हात गच्च धरले. तिकडे शकीलाबी शालीत तोंड लपवून रडत होत्या. जुनी मंडळी एकेक करत उभी राहिली.

"बघतेस काय? टाळ्या वाजव!" ताई कुजबुजल्या.

"अहो, हात सोडा, मग वाजवते!"