पाण्याखालचा तांबडा रंग

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर प्रीतम तारीची होडी आहे. हंगामात तो पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतो आणि पाण्याखाली त्यांचे फोटोही स्वतःच काढतो. ते फोटो घरच्या कॉम्प्युटरवर नीट करून पाठवायचं काम त्याची भाची तन्वी करायची. गेल्या दिवाळीनंतर तन्वीला पुण्यात नोकरी लागली आणि ऐन गर्दीत ती खुर्ची रिकामी झाली.

प्रीतमची बायको शर्मिला माहेरची कणकवलीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. चाळिशी ओलांडली तरी तिला पोहता येत नव्हतं. समुद्र तिने किनाऱ्यावरून पाहायचा आणि घरी मासळी होऊन आला की चिरायचा, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. तन्वीपुढे चहा ठेवायला गेली की मात्र स्क्रीनवर हलणारे रंग बघत तिचे पाय तिथेच रेंगाळायचे. तन्वीच्या जागी बाहेरून कुणी माणूस बघू, असं प्रीतम म्हणाला, तेव्हा ती पटकन बोलून गेली, "माका एकदा करून बघूंदे."

प्रीतमला नवल वाटलं, पण तो नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाची भांडी आवरून ती बसली. फोटो उघडला आणि तिला धडकीच भरली. मधे हिरवागार फोटो, डाव्या हाताला चित्रांची उभी पट्टी, वर इंग्रजी शब्दांची ओळ, उजवीकडे एकाखाली एक चौकोन. कुठे हात लावायचा तेच कळेना. धीर करून तिने दोन-चार बटणं दाबली, तर पट्टी, चौकोन, सगळं गायब. पडद्यावर एकटा फोटो उरला. आपण काहीतरी मोडलं, या भीतीने तिने घाईघाईने तन्वीला फोन लावला.

तन्वी ऑफिसात होती. हळू आवाजात म्हणाली, "मामी, टॅब दाबलंस तू. परत दाब, सगळा येतला."

दाबलं आणि सगळं जिथल्या तिथे आलं. तन्वीने आणखी एक गोष्ट सांगून फोन ठेवला. कंट्रोल आणि झेड एकदम दाबलं की केलेली चूक मागे जाते, मूळ फोटो जपून ठेवलेला आहे, तेव्हा वाटेल ते दाबून बघ.

या एका वाक्याने शर्मिलाचा हात मोकळा झाला. चित्रावर बाण नुसता थांबवला की त्याचं नाव उमटतं, हे तिला सापडलं. ती एकेक अक्षर लावून वाचू लागली. काही चित्रांच्या कोपऱ्यात बारीकसा त्रिकोण होता. तिथे माऊस दाबून धरला तर आतून आणखी चित्रं बाहेर आली. उजवीकडच्या चौकोनात एक डोळा होता. तो मिटला की केलेला बदल दिसेनासा होई, उघडला की परत दिसे. ती कितीतरी वेळ तो डोळा उघडमीट करत बसली. प्रीतम घरी आला तेव्हा रात्रीची मासळी अजून पिशवीतच होती. त्यानेच ती साफ केली.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी प्रीतम रुक्मिणीबाईंचे फोटो घेऊन आला. बाई इचलकरंजीच्या, साठी उलटलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्या. संध्याकाळच्या एसटीने त्या परतणार होत्या आणि बहिणींना दाखवायला फोटो घेऊनच जाणार होत्या.

फोटोत बाई हिरव्या, पोवळी हिरवी, बाजूचा मासा काळपट. शर्मिलाने रंग कमी-जास्त करायची तिरकी रेघ उघडली, त्यातला नुसता तांबडा निवडला आणि रेघ वर ओढली. बाईंचं तोंड गुलाल फासल्यासारखं लाल झालं. तिने ते मागे घेतलं. पुन्हा ओढली, या वेळी हलक्या हाताने. हिरवा पडदा विरत गेला, पोवळ्यांवर जांभळी झाक आली आणि तो काळपट मासा हळूहळू लाल होऊ लागला. शर्मिला खुर्चीतून अर्धी उठली. ती तांबोशी होती. हा मासा तिने किती वेळा चिरला होता! त्याचा लाल रंग तिला पाठ होता. तो रंग तसाच दिसेपर्यंत तिने रेघ केसाकेसाने हलवली. तांबोशी जमली तशी बाईंच्या चेहऱ्यालाही माणसाचा रंग आला.

एसटीच्या आधी घरी आलेल्या रुक्मिणीबाईंनी फोटो पाहिला आणि मोबाईल छातीशी धरला. शर्मिलाला म्हणाल्या, "एवढं सगळं होतं तिथं? मला तर नुसतं हिरवंच दिसलं."

ते वाक्य शर्मिलाच्या डोक्यातून जाईना. रात्री जेवताना ती प्रीतमला म्हणाली, "माका खाली जावचा आसा."

"तुका भिया वाटणा नाय?"

"वाटता. पण जावचा आसा."

प्रीतमने तिला आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं. मग एका शांत सकाळी तिचा हात घट्ट धरून तो तिला खाली घेऊन गेला. कानात दडे बसले, मग श्वास लयीत आला. तिने डोळे नीट उघडले. खरंच, सगळं हिरवं-निळं. खडकाच्या कपारीत एक मासा उभा होता, राखाडी, ओळख न लागणारा. तिने प्रीतमच्या कमरेच्या टॉर्चकडे बोट दाखवलं. त्याने उजेड पाडला आणि पाण्याने गिळलेला रंग परत येऊन मासा एकदम लालभडक झाला. बाजूचं पोवळं केशरी झालं. तिने प्रीतमच्या हातातून टॉर्च ओढून घेतला आणि दिसेल त्या खडकावर मारत सुटली. वर चलण्याची खूण त्याला तीनदा करावी लागली.

होडीवर चढल्यावर तिला धाप लागली होती, केसातून पाणी ठिबकत होतं आणि ती एकसारखी बोलत होती. कॅमेऱ्याला मोठा उजेड लावायचा, मग रेघ फार ओढावी लागणार नाही, उरलेलं ती घरी बघेल. प्रीतम इंजिन सुरू करायचं सोडून ऐकत राहिला.

पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्याला लावायचा दिवा आला. आता पर्यटक कमी असले की होडीत शर्मिलाचीही जागा असते.